दहावीच्या फोटोंवरचे हार

मला शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी वारल्या. मी साताऱ्याला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा तेरावा चालू होता. पुढच्या खोलीत स्टुलावर त्यांचा फोटो ठेवला होता. फोटोला झेंडूचा हार, समोर उदबत्ती. मी चपला काढून आत गेलो, आणि नमस्कार करायच्या ऐवजी माझे हात हाराकडे गेले. हार काढून घ्यायला. बाईंच्या भावाने माझं मनगट धरलं तेव्हा मी भानावर आलो. दुःखाने या माणसाला काही सुचत नाही, असं त्यांना वाटलं असेल. खरं काय ते त्यांना तिथे सांगता येण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितो. मला लिहिता येतं तेही बाईंमुळेच.

मी बहिरा आहे. सांगलीत बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतो. आमचं गाव वाईजवळ. आई स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत कामाला जायची, वडील महाबळेश्वरच्या एका हॉटेलात भांडी घासायचे. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी तापात माझे कान गेले. सहाव्या वर्षी वडिलांनी मला साताऱ्याच्या निवासी शाळेत आणून सोडलं. त्यांनी ते केलं नसतं तर आज मी कुठे असतो, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही. पुढे लिहिलंय त्यावरून कुणी शाळेला नावं ठेवू नयेत. तिथे आम्हाला जेवण मिळालं, कपडे मिळाले, अक्षर मिळालं. शिक्षक मायेचे होते. फक्त त्यांतलं कुणीही बहिरं नव्हतं.

वर्गात हातवारे करायला बंदी होती. हात मांड्यांखाली घेऊन बसायचं. सर तोंडासमोर कागदाची पट्टी धरायचे आणि प, फ, ब म्हणायला लावायचे. प म्हटल्यावर पट्टी हलली की शाबासकी. बोलायला शिकलात तर मोठे व्हाल, असं सर पुन्हा पुन्हा सांगत. ओठांवरून आम्हाला तेवढं वाक्य वाचता येऊ लागलं होतं. त्यातला ‘तर’ आमच्या मनात खोल बसला.

शाळेच्या जिन्याजवळच्या भिंतीवर फोटो होते. वरच्या रांगेत संस्थापकांचा, खाली एकेका वर्षाच्या दहावीच्या मुलांचे. निरोप समारंभाच्या दिवशी मुलांना पायऱ्यांवर बसवून फोटो काढायचे. थोड्या दिवसांनी ती मुलं आपापली पत्र्याची पेटी उचलून जायची, आणि मग तो फोटो भिंतीवर लागायचा. शाळेच्या वर्धापनदिनाला शिपाईमामा शिडी लावून संस्थापकांच्या फोटोला हार घालायचे. उरलेले हार वाया जाऊ नयेत म्हणून खालच्या फोटोंनाही घालायचे. मुख्याध्यापक हात जोडायचे. आम्ही रांगेत उभे राहून हात जोडायचो.

आता घरचं सांगतो. माझा चुलता फौजेत होता. एकदा सुट्टी संपल्यावर तो काळी पेटी घेऊन वाईच्या स्टँडवरून एसटीत चढला आणि खिडकीतून त्याने मला हात केला. त्यानंतर तो दिसला तो फोटोत. गणवेशातला फोटो, आणि फोटोला हार. आई रडत होती. मला कुणी काही सांगितलं नाही, कारण मला सांगता येईल अशी भाषाच घरात कुणाकडे नव्हती. मी जे पाहिलं ते एकापुढे एक ठेवलं. पेटी, रस्ता, फोटो, हार.

शाळेत हा हिशेब माझ्या आधी माझ्या मित्राने मांडला होता. तो आष्ट्याच्या पुढच्या एका गावचा, ऊसवाल्या घरचा. आमच्या गाद्या शेजारी शेजारी होत्या. चित्रं इतकी छान काढायचा की सर त्याची वही दुसऱ्या वर्गांत फिरवायचे. बोलणं मात्र त्याला जमायचं नाही. जन्मतःच बहिरा होता, आवाज म्हणजे काय ते त्याने कधी अनुभवलंच नव्हतं. सहावीत असताना एका दुपारी त्याने मला भिंतीपुढे नेलं आणि हातांनी सांगितलं. पेटी उचलायची. रस्त्याने जायचं. फोटो. हार. मग त्याने डोळे मिटले आणि मान खांद्यावर टाकली.

मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. आमच्यापैकी कुणीही मोठं झालेलं बहिरं माणूस पाहिलं नव्हतं. सर ऐकणारे, मामा ऐकणारे, स्वयंपाकाच्या मावशी ऐकणाऱ्या, स्टँडवरची सगळी माणसं ऐकणारी. बहिरी फक्त आम्ही, आणि आम्ही सगळे लहान. मोठी झालेली बहिरी माणसं कुठे आहेत, याचं उत्तर भिंतीवर होतं.

एकच वाट मोकळी होती. ज्याला बोलता येईल त्याचे कान उघडतील आणि तो सरांसारखा मोठा होईल. माझ्या तोंडात लहानपणचे चार शब्द शिल्लक होते. आई, पाणी, दादा, नको. मित्र मला सांगायचा की तू वाचशील. स्वतःबद्दल तो काही सांगायचा नाही. सगळे खेळायला गेले की तो आरशासमोर पट्टी धरून प म्हणायचा. ओठ सुजेपर्यंत. पट्टी हलायची, पण सर मान नकारार्थी हलवायचे, कारण आवाज निघत नव्हता.

नववीची परीक्षा झाली आणि एप्रिलमध्ये आम्ही घरी निघालो. साताऱ्याच्या स्टँडवर त्याचे वडील त्याची पेटी टपावर चढवत होते. त्याने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली, परत येऊ नकोस. स्वतःकडे बोट करून तीच खूण केली. मी येणार नाही. मग गाडी सुटली.

जूनमध्ये तो आला नाही. मलाही यायचं नव्हतं. मी दोन दिवस जेवलो नाही, पण वडिलांनी मला उचलून एसटीत बसवलं. शिकायला नको म्हणून पोरगं हट्ट करतंय, एवढंच त्यांना कळलं. त्यांची चूक नव्हती.

आणि त्याच जूनमध्ये बाई आल्या. एप्रिल आणि जून. मधे एकच सुट्टी. त्या एका सुट्टीचा विचार मी आजवर सोडू शकलेलो नाही.

बाई शिवण आणि चित्रकला शिकवायला नेमल्या होत्या. चाळिशीच्या असतील. केसांत पांढरी बट, हनुवटीवर एक जुना व्रण. पहिल्या दिवशी वर्गात आल्या आणि त्यांनी हात चालवले. आम्ही बघतच राहिलो. वर्गात, उघड्यावर, शिक्षकाच्या जागी उभं राहून कुणी हातांनी बोलत होतं. त्यांनी कानाला बोट लावलं आणि सांगितलं की मीही तुमच्यासारखीच.

आम्ही विश्वास ठेवला नाही. मोठं माणूस बहिरं कसं असेल? दुसऱ्या दिवशी एकाने जेवणाचं ताट शर्टाखाली लपवून वर्गात आणलं. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना त्याने ते मागच्या बाकाजवळ जोरात जमिनीवर टाकलं. बाई चटकन वळल्या.

झालं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ऐकणारी आहे. खोटं बोलते. त्यानंतर चार महिने आम्ही त्यांच्या तासाला मख्ख बसून राहिलो. त्या रोज हात चालवत राहिल्या. आम्हाला पकडायला यांनी नवीन युक्ती काढली आहे, असं मला वाटायचं.

सहामाही परीक्षेत मी सगळे पेपर कोरे दिले. माझा बेत ठरला होता. दहावी पास झालो नाही तर पेटी उचलावी लागणार नाही. निरोप समारंभाला फोटो काढतील तेव्हा संडासात लपायचं. नापास होत होत इथेच राहायचं. सरांनी कोरे पेपर पाहून कपाळाला हात लावला, वडिलांना पत्र धाडलं. बाईंनी मात्र मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं आणि विचारलं, का?

त्या समोर बसून राहिल्या. शेवटी रागाने मी खूण केली, तुम्ही खोट्या. ताट पडलं, तुम्ही वळलात.

त्या आधी गोंधळल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. खाली जाऊन त्या स्वतः ताट घेऊन आल्या. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि तिथली जमीन लाकडी फळ्यांची होती. त्यांनी मला खाली झोपवलं, माझा गाल फळीला लावला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ताट टाकलं. माझ्या गालाला, दातांना हादरा बसला. त्यांनी पायातली चप्पल काढून तळव्याकडे बोट दाखवलं. मी इथून ऐकते. मग मला उभं केलं, पाठ करायला लावली आणि पुन्हा ताट टाकलं. मी अनवाणी होतो. मीसुद्धा चटकन वळलो.

मग त्यांनी पुन्हा विचारलं, पेपर कोरे का?

मी त्यांना सांगितलं. पेटी. रस्ता. फोटो. हार. डोळे मिटले, मान खांद्यावर टाकली.

या वेळी त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, असं कोण कोण समजतं? मी सगळ्या बाकांवरून हात फिरवला. त्या बाकावर टेकल्या. मग उठल्या, माझा हात धरला आणि जिन्याने खाली भिंतीपाशी नेलं. वर्धापनदिन होऊन गेला होता, हार सुकून काळे पडले होते. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि सगळ्यात जुन्या फोटोंपैकी एकाचा हार बाजूला सारला. दुसऱ्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिच्या हनुवटीवर व्रण होता. बाईंनी एक बोट त्या मुलीवर ठेवलं आणि दुसरं स्वतःच्या हनुवटीवर.

मी फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मी घाबरलो होतो. मला पळून जावंसं वाटत होतं. त्यांनी खाली उतरून माझा तळहात घेतला आणि स्वतःच्या मनगटावर दाबला. नाडी उडत होती. मग त्यांनी हातांनी जे सांगितलं ते मी आज माझ्या वर्गात दर वर्षी पहिल्या दिवशी सांगतो. मराठीत लिहायचं तर एवढंच होईल:

“मी बहिरी. उद्याही बहिरी. म्हातारी होईन, तेव्हाही बहिरी.”

पुढच्या रविवारी त्यांनी तीन माणसं शाळेत बोलावली. एक मिरजेचा शिंपी, एक छापखान्यात काम करणारा, आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. तिघंही फोटोंतली, तिघंही बहिरी. ती आपापल्या फोटोखाली उभी राहिली आणि आम्ही रांगेने जाऊन त्यांना हात लावून पाहिलं. लहान मुलं त्यांच्या दाढीला, बांगड्यांना, पोटाला हात लावत होती. शिंप्याला गुदगुल्या झाल्या, तो हसायला लागला. आम्ही काय समजत होतो हे बाईंनी मुख्याध्यापकांना लिहून कळवलं. त्यानंतर त्या फोटोंना हार घातले गेले नाहीत.

मी वार्षिक परीक्षेचे सगळे पेपर लिहिले. पास झालो. निरोप समारंभाला पायऱ्यांवर पहिल्या रांगेत बसलो. पुढे सांगलीत कॉलेज केलं, पदवी मिळाली. आमच्या घराण्यातली पहिली. पदवीचा कागद मी आधी आईच्या हातात दिला आणि मग साताऱ्याला जाऊन बाईंच्या.

बाईंनी त्या वर्षी माझ्या मित्राबद्दलही विचारलं होतं. शाळेने त्याच्या घरी पत्र पाठवलं, मुलाला परत धाडा म्हणून. उत्तर आलं की मुलगा शेतात चांगला रमला आहे, शाळेचं नाव काढलं की रडतो. तो का रडतो हे बाईंना माहीत होतं. त्या स्वतः जाणार होत्या, पण तेव्हाच त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि जाणं राहिलं. नंतर त्या मला म्हणाल्या, तू जा. मी हो म्हटलं.

मी गेलो नाही. याला मी काय कारण देऊ? माझी धाकटी बहीण आष्ट्याला दिली आहे. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो. तिथून त्याचं गाव पाऊण तासाच्या अंतरावर. रिक्षा मिळते. तरी गेलो नाही. सुरुवातीला वाटायचं, पुढच्या खेपेला. मग इतकी वर्षं झाली की जायची भीती वाटू लागली. तो विचारेल, इतके दिवस कुठे होतास? कधी कधी शाळेत शेवटच्या बाकावर एखादा मुलगा कागदावर मान वाकवून चित्र काढत असतो. मी त्याच्याजवळ जातो आणि त्याने मान वर करेपर्यंत तिथेच थांबतो.

बाईंच्या फोटोकडे माझे हात गेले त्या दिवशी मला कळलं की आता टाळता येणार नाही. त्याच आठवड्यात मी आष्ट्याला गेलो आणि बहिणीला बरोबर घेतलं. ती ऐकते. ऐकणाऱ्यांशी बोलायला मला ती लागते. तिथे जे बोलणं झालं ते तिने नंतर वहीत जसंच्या तसं लिहून दिलं, म्हणून मला माहीत आहे.

उसाच्या पट्ट्याकडेला घर. अंगणात त्याची म्हातारी आई शेंगा निवडत होती. बहिणीने आम्ही कोण ते सांगितलं. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं.

“आवं, साळंतलं तुमी? या की. त्यो गोठ्यात हाय. बैलांशी लय बोलतोय हातानं, मानसांशी न्हाई.”

आम्ही पुढच्या सोप्यात बसलो. समोर देवांच्या तसबिरींखाली एक फोटो टांगलेला होता. मी उठून जवळ गेलो. आठवीच्या सहलीचा फोटो. महाबळेश्वर, मागे दरी, पुढे आम्ही अकरा मुलं, धुक्यामुळे निम्मे चेहरे फिकट. तो फोटो माझ्याकडेही आहे. माझ्या फोटोला हार नाही. याला होता, आणि फुलं ताजी होती.

बहिणीने विचारल्यावर म्हातारी सांगू लागली की साळा सोडल्यापासून दर आइतवारी तो स्वतः हार करून घालतो. “आमी म्हनलं, साळंचा लळा हाय पोराला. आमी कशाला न्हाई म्हनावं?”

बहीण माझ्याकडे वळली. तिला वातावरण हलकं करायचं असावं. तिने मला खुणेने सांगितलं की दादा, जिवंतपणी फोटोला हार मिळालेला तूच पहिला. माझा चेहरा पाहून तिने हात खाली घेतले.

तेवढ्यात तो दारात आला. केस पिकलेले, अंगात बंडी, पायांना शेण. त्याने मला ओळखलं ते मला लगेच दिसलं, कारण तो मागे सरकला. पाठ चौकटीला टेकली. त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसून पुढे झालो तसा तो भिंतीच्या कडेकडेने आत निघून गेला.

मी फोटोपाशी गेलो. हार बाजूला केला. एक बोट फोटोतल्या माझ्या तोंडावर ठेवलं आणि दुसरं माझ्या छातीवर. तसाच उभा राहिलो. पाठ घराकडे होती. किती वेळ झाला कळलं नाही. मग खांद्यावर हात पडला. मी वळलो तर तो उभा होता, डाव्या हातात पितळी परात होती, आणि तो रडत होता.

बहिणीने नंतर सांगितलं की त्याने माझ्या मागे येऊन परात तीनदा वरून सोडली. आवाजाने म्हातारी दचकली, गोठ्यातली जनावरं हलली. मी वळलो नव्हतो. सोप्यातली जमीन शहाबादी फरशीची होती आणि माझ्या पायात मोजे होते.

तो तेच तपासत होता. हा जिवंत आहे, म्हणजे याचे कान उघडले असणार. मी वळलो असतो तर त्याचं सगळं खरं ठरलं असतं. मी वळलो नाही, म्हणून तो रडत होता. मी त्याचा तळहात घेऊन माझ्या मनगटावर दाबला, जसा बाईंनी माझा घेतला होता. मग बाईंचीच खूण केली. मी बहिरा. उद्याही बहिरा. त्याचे हात शाळा सुटल्यापासून कुणाशी असे बोलले नव्हते, पण त्याला कळलं. त्याने माझ्या कानशिलावरचे पिकलेले केस बोटांनी चाचपून पाहिले.

मग तो फोटोकडे वळला. माझ्या शेजारच्या मुलावर बोट ठेवून त्याने भुवया उचलल्या. मी सांगितलं, पुण्यात आहे, दोन मुली आहेत. मोबाइल काढून मी त्या पुण्याच्या वर्गमित्राला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तो आला, हात हलवू लागला. माझ्या मित्राने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि उलटा करून मागे पाहिलं. पुढचा, मिरजेला. पुढचा, शिवणकाम. एकेक करून आम्ही नऊ चेहरे पार केले. एकाच्या वेळी मला डोळे मिटून मान खांद्यावर टाकावी लागली. तो खरंच गेला होता, काविळीने. मित्राने त्याच्या चेहऱ्यावर बोट थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मान हलवली.

नंतर त्याने हार खिळ्यावरून काढला. मला वाटलं संपलं. पण हाराखाली झाकलेला शेवटचा चेहरा उरला होता. कडेला उभा असलेला, धुक्यात निम्मा पुसलेला मुलगा, हातात चित्राची वही. इतकी वर्षं दर रविवारी त्याने तो हार स्वतःच्याही गळ्यात घातला होता. त्याने त्या मुलावर बोट ठेवलं, माझ्याकडे वळला आणि भुवया उचलल्या.

तो माझ्या उत्तराची वाट पाहत उभा राहिला.